एकत्र की वेगवेगळं?

बर्लिनमध्ये जेवण संपवून बिल मागितलं की वेटर एक प्रश्न विचारतो. 'त्सुझामेन ओडर गेट्रेंट?' म्हणजे, एकत्र की वेगवेगळं? इथे आल्यावर 'हॅलो' आणि 'थँक्यू'नंतर मला कानानं पकडता आलेलं हे पहिलं जर्मन वाक्य. वेगवेगळं म्हटलं की तो न कंटाळता टेबलाभोवती फिरतो. तुझी बिअर, तुझं सूप, तुमचा दोघांचा पिझ्झा. प्रत्येकाचे पैसे वेगळे, प्रत्येकाची टिप वेगळी. गल्लीतल्या जुन्या बारमध्ये तर ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवरच पेन्सिलीनं रेघा मारतात. एक बिअर, एक रेघ. रात्र संपली की रेघा मोजायच्या आणि घरी जायचं.

पुण्यात इंजिनिअरिंगला असताना आम्ही याला 'टीटीएमएम' म्हणायचो, तू तुझं मी माझं. पण ते नवीन ओळखीच्या लोकांबरोबर. आपल्या लोकांत 'काँट्री' निघायची आणि ती दर वेळी कमी पडायची. मग ज्याच्या घरून नुकतेच पैसे आलेले असतील तो भरायचा. कुणी किती भरले हे महिन्याभरानं कुणालाही सांगता आलं नसतं. निदान मला तरी तसं आठवतं. जो भरायचा त्याला कदाचित वेगळं आठवत असेल.

मला ज्या ६१ युरो ४० सेंटबद्दल लिहायचंय ते मात्र मला अगदी नीट आठवतात.

आम्ही ५ जण होतो. नावं देत नाही आणि तशी गरजही नाही, कारण आमच्यात नावांची सोय आधीच झालेली होती. आमच्याकडे गावाच्या नावाला 'कर' लावलं की आडनाव तयार होतं, हे मी एकदा सांगून बसलो. ते लोकांना इतकं आवडलं की त्या रात्रीपासून सगळे आडनावांवर आले. आयर्लंडचा कॉर्ककर, पोलंडची लुबलिनकर, उत्तर प्रदेशचा लखनौकर. मी सांगलीकर, मला त्यात नवीन काही नव्हतं. २०२४च्या फेब्रुवारीत लखनौकरच्या ओळखीनं एक ब्राझीलचा मुलगा आला, त्याचं त्याच रात्री बारसं झालं. रेसिफेकर.

शुक्रवार ठरलेला असायचा. संध्याकाळी कुठल्यातरी श्पेटीसमोर भेटायचं. श्पेटी म्हणजे रात्री उशिरापर्यंत उघडं असणारं कोपऱ्यावरचं दुकान, आपली पानपट्टी आणि किराणा दुकान यांच्या मधलं काहीतरी. तिथून एकेक बाटली घ्यायची आणि चालायला लागायचं. रस्त्यावर पिणं इथे कायद्यानं चालतं आणि अशा चालता चालता प्यायच्या बिअरला स्वतंत्र शब्द आहे, 'वेगबिअर', वाटेवरची बिअर. उन्हाळ्यात कोटबुसर टोअरला उतरून लांडवेअर कालव्यावरच्या पुलावर जायचं. आडमिरालब्र्युके त्याचं नाव. फरसबंदीवरच बैठक मारायची. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो. नंतर कुठेतरी जेवण, नंतर एखादा बार, कधी क्लब. शुक्रवारी आणि शनिवारी यू-बान रात्रभर चालते, त्यामुळे 'शेवटची गाडी चुकेल' हे कारण कुणालाच सांगता येत नाही. ग्लासाला ग्लास लावताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, असा इथला दंडक आहे. न बघितल्यास पुढची ७ वर्षं एका विशिष्ट बाबतीत वाईट जातात म्हणतात. कुठल्या, ते आईही हे वाचणार असल्यामुळे सोडून देतो.

परदेशातल्या या मैत्रीची एक गंमत आहे. कुणाला रात्री २ नंतर रडू येतं, कोण दारू चढली की आपल्या भाषेत बोलायला लागतं, कोणाला कुठल्या कंपनीचे हेडफोन आवडतात, हे सगळं आम्हाला माहीत होतं. कुणाचे वडील काय करतात हे माहीत नव्हतं. अ‍ॅरिस्टॉटलनं मैत्रीचे ३ प्रकार केलेत. उपयोगाची, मजेची आणि चांगुलपणाची. तरुण मुलांची मैत्री बहुतेक मजेची असते, झटकन जमते आणि झटकन मोडते, असं तो म्हणतो. वाचलं तेव्हा मला राग आला होता. आमचा सगळा ग्रुप त्यानं २३०० वर्षांपूर्वी एका वाक्यात निकालात काढला होता.

आता हिशोबाकडे येतो. यूपीआयवर वाढलेल्या माणसाला पटणार नाही, पण इथल्या बऱ्याच बारमध्ये अजून कार्ड चालत नाही. फक्त रोख, अशी दारावरच चिठ्ठी असते. मग ज्याच्या खिशात नोटा असतील तो सगळ्यांचे भरतो आणि स्प्लिटवाइज नावाच्या अ‍ॅपमध्ये टाकतो. आमच्यात हे काम माझ्याकडे होतं. मी प्रामाणिकपणे ते आवडीनं करायचो. पाचही जणांचे बॅलन्स शून्याच्या आसपास असले की मला एखादा बग क्लोज केल्यासारखं बरं वाटायचं.

कॉर्ककरला हे अ‍ॅप मनापासून आवडत नसे. त्यांच्याकडे राउंडची पद्धत आहे. एकानं सगळ्यांसाठी आणायचं, मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. पाच माणसं असली की पाच राउंड होईपर्यंत कुणी उठायचं नाही. पैसे तेवढेच जातात, कदाचित जास्तच. पण दर क्षणी कुणीतरी कुणाचंतरी देणं लागत असतं, आणि म्हणून कुणालाच उठून जाता येत नाही. "यामुळे आमची लिव्हर गेली, पण मित्र राहिले," असं तो म्हणायचा. आम्ही हसायचो आणि मी खर्च टाकायचो.

अ‍ॅपमध्ये एक सोय आहे, 'सिम्प्लिफाय डेट्स'. समजा अ बला १० युरो देणं लागतो आणि ब कला १०, तर अ‍ॅप बला मधून काढतं आणि अला सांगतं, थेट कला दे. कमीत कमी व्यवहारांत सगळ्यांचं मिटवणं हा दिसतो तितका सोपा प्रश्न नाही. कॉम्प्युटर सायन्समध्ये तो एनपी-हार्ड मानतात, म्हणजे माणसं वाढत गेली की अचूक उत्तर काढणं हाताबाहेर जातं. पाच माणसांत अर्थात काहीच अडचण नसते. ही सोय मीच ऑन केली होती. तिचा परिणाम असा होतो की काही दिवसांनी तुम्ही ज्याचं देणं लागता, त्यानं तुमच्यासाठी कधी काही भरलेलंच नसतं. क्लबची तिकिटं लुबलिनकरनं काढलेली असतात, टॅक्सीचे कॉर्ककरनं दिलेले असतात, आणि स्क्रीनवर लिहिलेलं असतं, रेसिफेकर सांगलीकरला देणं लागतो, ६१.४०.

जुलैच्या शेवटी रेसिफेकरची नोकरी गेली. इथे पहिले ६ महिने 'प्रोबेत्साइट' असतो, परीक्षेचा काळ. त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर माणसाला काढता येतं आणि त्यांनी काढलं. बेकारभत्ता मिळायला आधीच्या ३० महिन्यांत किमान १२ महिने विमा भरलेला लागतो. त्याचे जेमतेम ६ भरत होते. ब्लू कार्डवर आलेल्या माणसाची नोकरी गेली की घड्याळ सुरू होतं. त्याच्या हातात ३ महिने होते.

हे मी आता एका दमात लिहितोय. तेव्हा आम्हाला यातलं काहीही माहीत नव्हतं. त्यानं सांगितलं नाही. 'काम कसं चाललंय?' याला आम्ही सगळेच 'चाललंय' म्हणायचो. तोही तेच म्हणाला.

पण दिसत होतं. ऑगस्टमधल्या एका रात्री पुलावर बसलो होतो. इथे बाटलीवर डिपॉझिट असतं, बिअरच्या काचेच्या बाटलीवर ८ सेंट. बाटली दुकानात परत दिली की ते मिळतात. बरेच लोक रिकामी बाटली कचऱ्याच्या डब्यात न टाकता डब्याच्या शेजारी उभी करून ठेवतात, म्हणजे ज्यांचं पोट त्यावर चालतं त्यांना डब्यात हात घालावा लागत नाही. आम्हीही तसंच ठेवायचो. त्या रात्री उठताना रेसिफेकरनं आमच्या सगळ्यांच्या बाटल्या गोळा केल्या आणि आपल्या बॅगेत भरल्या. पर्यावरणावर काहीतरी विनोद केला, सगळे हसले. मी मोजल्या होत्या. १२ होत्या. बारा आठे शहाण्णव. एक युरोसुद्धा होत नव्हता.

मोजल्या हे लक्षात आहे म्हणजे काहीतरी लक्षात आलं होतं. पण मी विचारलं नाही.

सप्टेंबरमध्ये कॉर्ककरचा वाढदिवस होता. एका तुर्की रेस्टॉरंटमध्ये जेवायला गेलो. सगळ्यांनी भरपूर मागवलं. रेसिफेकरनं मसूरडाळीचं सूप मागवलं आणि पोट बिघडलंय म्हणाला. वेटरनं विचारलं, एकत्र की वेगवेगळं? मीच म्हटलं, एकत्र. मोठेपणानं म्हटलं. बिल भरलं आणि टेबलावरच खर्च टाकला. वाढदिवस असलेल्याला वगळून ४ जणांत भाग. अ‍ॅपमध्ये आधीपासून 'ईक्वली' निवडलेलं असतं. ते बदलून प्रत्येकाचा आकडा वेगळा टाकता येतो, दोन टॅपचं काम आहे. मी सॉफ्टवेअर लिहितो, डीफॉल्ट काय चीज असते हे मला पगारासाठी माहीत आहे. बहुतेक माणसं ते बदलत नाहीत, म्हणून डीफॉल्ट ठरवणारा माणूस बहुतेकांचा निर्णय घेत असतो. त्या रात्री तो निर्णय माझ्या अंगठ्यानं घेतला. त्याच्या सूपाचे त्याच्या नावावर ३४ युरो लागले. त्यानं फोन बघितला, खिशात ठेवला आणि कॉर्ककरच्या डोळ्यांत बघून 'प्रोस्ट' म्हटलं. पाण्याच्या ग्लासानं.

त्यानंतर तो शुक्रवारी यायचा बंद झाला. पहिल्या आठवड्यात कुणीतरी विचारलं, दुसऱ्या आठवड्यात कुणी विचारलं नाही. शेवटी ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्याचा मेसेज आला की तो महिन्याअखेर घरी परत जातोय, सामान वाटायचंय, कुणाला काय हवंय?

मी नॉयकोल्नला त्याच्या खोलीवर गेलो. तिथे पहिल्यांदा सगळं कळलं, त्यानं हवामानाबद्दल बोलावं तसं सांगितलं. खोलीत गादी आणि खोकी एवढंच राहिलं होतं. त्यानं मला एक अॅल्युमिनियमचं छोटं पातेलं दिलं. खाली पाणी, मधे भोकांची ताटली, वर झाकण. त्यांच्याकडे सकाळी मक्याच्या पिठाचा कुसकुस याच्यात वाफवतात. मी म्हटलं, हे तर आमचं मोदकपात्र आहे. मोदक म्हणजे काय हे मी सांगितलं, त्यानं कुसकुसवर लोणी कसं सोडायचं ते सांगितलं. पाऊण तास आम्ही दोन पिठांबद्दल बोललो. आठ महिन्यांत आमच्यातलं ते सगळ्यात लांब गंभीर संभाषण असेल.

परत येताना यू-बानमध्ये बसलो. घशात काहीतरी अडकलं होतं. फोन काढला, अ‍ॅप उघडलं, रेसिफेकर देणं लागतो, ६१.४०. मी 'सेटल अप' दाबलं, रोख मिळाले अशी नोंद केली. आकडा शून्य झाला. घशातलं गेलं. दोन स्टेशनं खरंच हलकं वाटलं.

अ‍ॅप अशी नोंद दुसऱ्या माणसालाही कळवतं. अर्ध्या तासानं त्याचा मेसेज आला, "मी तुला पैसे दिले का?" मी लिहिलं, "सोड रे, विसर ते." दोन निळ्या टिका आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेत ६१.४० जमा झाले. इथे ट्रान्सफर करताना कारण लिहायची एक ओळ असते. तिथे त्यानं लिहिलं होतं, 'बिअर, टॅक्सी, सूप.'

त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे ३ वाजता घड्याळं एक तास मागे जातात, म्हणजे रात्र एका तासानं मोठी मिळते. त्या रात्री आम्ही त्याचा निरोप ठरवला होता. चौघं गेलो. तो आला नाही. तो जास्तीचा तास आम्ही कसाबसा काढला.

आता मला छळणारा प्रश्न असा आहे. मी काय चुकीचं केलं? त्याच्याकडे पैसे नव्हते, माझ्याकडे होते, मी घेणं सोडून दिलं. कागदावर याला औदार्य म्हणतात. मग त्याला चपराक मारल्यासारखं का वाटलं असावं? आणि त्यानं पै-पैसा परत केल्यावर मलाही तसंच का वाटलं?

डेव्हिड ग्रेबर या मानववंशशास्त्रज्ञाचं कर्जाच्या ५००० वर्षांच्या इतिहासावर २०११ साली एक जाडजूड पुस्तक आलं. त्यात नायजेरियातल्या तिव लोकांची एक गोष्ट आहे. लॉरा बोहॅनन ही संशोधक त्यांच्यात राहायला गेली तेव्हा शेजारणी काही ना काही घेऊन आल्या. कणसं, कोंबडी, मूठभर शेंगदाणे. याची परतफेड करायची असते, पण बरोबर तेवढ्याच किमतीची करायची नसते, हे तिला हळूहळू समजलं. थोडं जास्त चालतं, थोडं कमी चालतं. बरोबर तेवढंच दिलं तर त्याचा अर्थ होतो की मला आता तुझ्याशी संबंध ठेवायचा नाही.

हे वाचताना मला नायजेरिया नाही, सांगलीतला आमचा वाडा दिसला. समोरच्या काकू वाटीतून काही द्यायच्या, ती वाटी आई कधी रिकामी परत करायची नाही. काहीच नसेल तर साखर. मी लहानपणी विचारलंही होतं की मग हे संपणार कधी? आई म्हणाली होती, संपवायचंय कुणाला?

पण इथे थांबून 'बघा, आपल्याकडे किती छान होतं' असं म्हणणं मला जमत नाही. महाराष्ट्रातल्या माणसानं उधारीबद्दल गोड गोड बोलू नये. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरात घुसून कर्जाची कागदपत्रं बाहेर काढली आणि जाळली, ते काही नाती टिकवायला नव्हे. न मिटणारी उधारी हा फास असतो, आणि तो कुणाच्या गळ्यात पडतो हे आपण आजही बघतो. मग वाटीतली साखर आणि सावकाराची वही यांत फरक कशाचा? दोन्हीत देणं उघडंच राहतं.

मला वाटतं, फरक आज तुझं उद्या माझं होऊ शकतं की नाही, याचा आहे. काकूंची वाटी आमच्याकडे यायची तशी आमचीही त्यांच्याकडे जायची. सावकार शेतकऱ्याच्या दारात वाटी घेऊन येण्याची शक्यता नव्हती. ग्रेबर म्हणतो ते जवळपास असंच आहे. कर्ज म्हणजे बरोबरीच्या दोन माणसांनी फेड होईपर्यंत बरोबरीचं न राहण्याचा केलेला करार. हे पटलं तर माझ्या ६१.४० चं एक विचित्र रूप दिसायला लागतं. जुलैआधी ते मित्राचं देणं होतं. पुढच्या शुक्रवारी त्यानं भरले असते, त्याच्या पुढच्या शुक्रवारी मी, आणि आकडा इकडून तिकडे झुलत राहिला असता. जुलैनंतर तोच आकडा, एक सेंट इकडे तिकडे न होता, वेगळा झाला. आता तो फक्त एकाच बाजूनं वाढू शकत होता. अ‍ॅपला हा फरक दिसायची सोय नाही. मला होती. मी बाटल्या मोजल्या होत्या.

आणि मी 'माफ' केलं तेव्हा तो फरक मी त्याच्या तोंडावर लिहून दाखवला. आपण बरोबरीचे राहिलो नाही, हे त्याला माहीत होतं, मलाही होतं, पण तोपर्यंत कुणी म्हटलं नव्हतं. त्या पाऊण तासात तर, पातेल्यावर बोलताना, तो देणारा होता आणि मी घेणारा. यू-बानमध्ये बसून मी ते उलटवलं. मुळात ते पैसे त्याच्यासाठी सोडले की माझ्या घशातलं काहीतरी जावं म्हणून, हेही मला आता खात्रीनं सांगता येत नाही. त्याला विचारायचं होतं ऑगस्टमध्ये, पुलावर. ते राहिलं, म्हणून ऑक्टोबरात बटण दाबलं. प्रश्न विचारला असता तर कदाचित रात्रभर त्याचं ऐकावं लागलं असतं, सीव्ही कुठे कुठे फॉरवर्ड करावा लागला असता, त्याची चिडचिड झेलावी लागली असती. ६१.४० त्यापेक्षा स्वस्त पडत होते.

तुकाराम महाराजांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. आपल्या वाट्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली आणि भावाच्या वाट्याची त्याला देऊन टाकली. लहानपणी मला ही दानाची गोष्ट वाटायची. आता वाटतं, त्यात ऋणको कुठे दिसतच नाही. कुणाच्या दारात जाऊन 'तुझं माफ केलं' असं सांगितल्याचं मी तरी कधी ऐकलं नाही. कागद नदीत गेले, विषय संपला. सोडायचं होतं ते त्यांना स्वतःला, सावकारीपासून.

आमचं सांगलीत किराणा दुकान आहे. उधारीची वही अजून आहे, जाड लाल पुठ्ठ्याची. दिवाळीच्या पाडव्याला नवी वही सुरू होते आणि जुन्या वहीतली बाकी नव्या वहीत ओढली जाते. लहानपणी ते नावं सांगायचे आणि मी लिहायचो, म्हणून मला माहीत आहे की काही नावं ते दरवर्षी गाळायचे. बाकी असून. एकदा मी दाखवून दिलं, पप्पा, यांचं राहिलं. ते म्हणाले, पुढचं वाच. पप्पांना संत करण्यात अर्थ नाही, काही लोकांच्या मागे ते वीस रुपयांसाठी दोन दोन वर्षं लागायचे. कुणाचं ओढायचं आणि कुणाचं गाळायचं हे कसं ठरवायचे ते मला कधीच उलगडलं नाही.

मी त्यांना फोनवर हे सगळं सांगितलं, बिअर वगळून. त्यांनी ऐकून घेतलं.

"तू सोडलेस ते त्याला कळवलंस कशाला?"

"मी नाही कळवलं पप्पा, अ‍ॅपनं कळवलं."

"मग पैसे तू सोडलेस की अ‍ॅपनं?"

मी म्हटलं, पण तुम्ही ज्यांची नावं गाळायचा त्यांना कसं कळायचं? ते म्हणाले, कळायचं नाही. कधी दोन वर्षांनी माणूस स्वतःहून पैसे घेऊन यायचा. "मग तुम्ही काय करायचा?" "घ्यायचो की. नाही घेतले तर त्याला काय वाटेल?"

अ‍ॅरिस्टॉटलनं त्याच मैत्रीच्या प्रकरणात मिठाची एक म्हण दिली आहे. एकत्र बसून पुरेसं मीठ खाल्ल्याशिवाय माणसं एकमेकांना ओळखू शकत नाहीत. आपल्याकडेही मीठ आहे, पण आपण मिठाला जागतो, म्हणजे कुणीतरी वर बसून खायला घालतो आणि आपण त्याला जागतो. त्याच्या म्हणीत मीठ मधे ठेवलेलं आहे आणि दोघांचेही हात त्यात आहेत. मजेच्या मैत्रीत तेवढं मीठ होत नाही, असं त्याचं म्हणणं असावं. मला इतकी घाई पटत नाही. आठ महिन्यांच्या शुक्रवारांत आम्ही बरंच खारट खाल्लं, नुसते खारे शेंगदाणेच किलोभर होतील. ओळख व्हायला तेवढं पुरलं असतं. मीच समोर बसून बाटल्या मोजत राहिलो.

ग्रुप अजून आहे. लुबलिनकर म्युनिकला गेली, लखनौकरचं लग्न ठरलं, कॉर्ककर आणि मी महिन्यातून एकदा भेटतो. अ‍ॅप काढून टाकलं असं सांगायला आवडलं असतं, पण लखनौकरच्या लग्नाच्या तिकिटांचा हिशोब त्यातच चालू आहे. फक्त 'सिम्प्लिफाय' मी बंद केलंय. ज्याचं ज्यानं भरलं त्याचंच नाव दिसू दे.

२०२५च्या २७ ऑगस्टला गणपती होते. बुधवार होता, सुट्टी नव्हती. आशियाई दुकानातून तांदळाचं पीठ आणलं आणि रात्री त्या पातेल्यात मोदक उकडले. अकरा केले, सात फुटले. पीठ चुकलं की उकड, हे आईनं व्हिडिओवर बघूनही सांगता आलं नाही. न फुटलेल्या चारांचा पातेल्यासकट फोटो काढला आणि बराच वेळ विचार करून रेसिफेकरला पाठवला. दहा महिन्यांत पहिलाच मेसेज. खाली काही लिहिलं नाही.

तिकडे तेव्हा संध्याकाळ असेल. उत्तर रात्री एकला आलं.

"ते पातेलं माझ्या आजीचं आहे. मी तुला वापरायला दिलंय, ठेवायला नाही. लक्षात आहे ना?"

मी लिहिलं, आहे. कधी परत देणार, हे त्यानं विचारलं नाही, आणि मीही काही सांगितलं नाही.